अण्णांचा नंबर: एका आंबा बागायतदार कुटुंबाचं प्रकरण

रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या एका गावातलं हे प्रकरण. मी बागायतदारांच्या हिशोबाची कामं करते आणि या घराच्या वह्या बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. त्यामुळे यातल्या बहुतेक निर्णयांच्या वेळी मी तिथे होते, आणि एका चुकीच्या सल्ल्यात माझाही वाटा आहे. घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तारखांमधलं अंतर मात्र जसंच्या तसं ठेवलंय, कारण सगळी गोष्ट त्या दिवसांच्या मोजणीवरच उभी आहे.

पार्श्वभूमी

अण्णांची हापूसची चारशेच्या आसपास कलमं. पूर्वी सगळा माल वाशीला जायचा. दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, यायची, भाडं आणि हमाली वजा होऊन हातात पडेल ते आपलं. 2008 मध्ये अण्णांनी मोबाइल घेतला आणि पेटीच्या फळीवर मार्करने नंबर लिहायला सुरुवात केली. मुंबईत ती पेटी फोडणारा माणूस पुढच्या वर्षी थेट फोन करायला लागला. असं करत करत अर्धा माल वाशीला आणि अर्धा थेट घरोघरी, अशी घडी बसली. एप्रिल 2020 च्या टाळेबंदीत बाजाराची वाट अडली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट गाड्या गेल्या आणि ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा जड झाली.

फेसबुकवरचं पान 2017 चं. अण्णांनी ते स्वतःच्या खात्यावरून, तालुक्यातल्या एका मोबाइलवाल्या पोराच्या मदतीने उघडलं होतं. इन्स्टाग्राम आणि गूगलच्या नकाशावरची बागेची नोंद मात्र डोंबिवलीच्या पुतण्याने 2020 मध्ये केली, स्वतःच्या ईमेलवर. दर हंगामात आठ-दहा दिवस तो गावी यायचा आणि तोडणीचे, आढीचे, पेट्या भरतानाचे फोटो काढायचा. त्याचे फोटो खरोखर चांगले असतात. गिऱ्हाईकं त्यावर जीव टाकत.

पण धंद्याचा कणा होता तो अण्णांचा व्हॉट्सॲप. टाइप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून ते आवाजाचे निरोप पाठवत. "मोहोर बरा आहे, पण थंडी म्हणावी तशी पडली नाही, पहिली तोड पाडव्याच्या पुढे जाईल, घाई करू नका." असले निरोप माणसं जपून ऐकत. फोनमधली नावंही त्यांच्या पद्धतीची: 'कोथरूड तीन पेटी', 'विलेपार्ले डॉक्टर बाई', 'ठाणे कच्चा आंबा'. पत्ते लिहून घ्यायचं काम सुनेचं. तिने लॅपटॉपवर अण्णांचं व्हॉट्सॲप जोडून घेतलं होतं आणि ऑर्डरी ती तिथून वहीत उतरवायची.

काय घडलं

20 जुलै 2024 ला, आषाढी एकादशीनंतर तीन दिवसांनी, अण्णा अचानक गेले. फोन कपाटात ठेवला गेला आणि 22 तारखेला चार्जिंग संपून बंद पडला. 1 मेला मारलेला 84 दिवसांचा रिचार्ज 23 जुलैला संपला. पावसाळ्याचे दिवस, घरात सुतक, आंब्याचा हंगाम आठ महिने लांब. फोनकडे बघायचं कुणाला कारणच नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुनेच्या लॅपटॉपवरून व्हॉट्सॲप आपोआप बाहेर पडलं. मूळ फोन 14 दिवस वापरात नसला की जोडलेली यंत्रं तुटतात. तिने ते अण्णांच्या थोरल्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, नंतर बघू. या प्रकरणातली पहिली सूचना हीच होती आणि ती वाया गेली. मी त्याला दोष देत नाही. त्या पंधरवड्यात तो मृत्यू दाखला, बँक आणि तलाठी अशा तीन ठिकाणी धावत होता. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद लावायची, तीन महिन्यांच्या आत कळवायचं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नंबराचं तसं काही असतं, हे कुणाच्या गावी नव्हतं.

गणपतीत चाकरमानी आले तेव्हा विषय निघाला. थोरल्याने नंबर रिचार्ज करू म्हटलं, तर मामा म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नंबरावर पैसे कशाला घालता? नवीन घ्या, दहा मिनिटांचं काम." मला विचारलं तेव्हा मीही, नवा नंबर घ्यायला हरकत नाही, असंच म्हटलं होतं. माझ्या डोक्यात फक्त हिशोब होता. त्या नंबराला काय काय चिकटलेलं आहे याचा मी विचार केला नाही.

त्याच दिवसांत पुतण्याशीही खटका उडाला. थोरला म्हणाला, बागेचं इन्स्टाग्राम आता आमच्याकडे दे. पुतण्या म्हणाला, पाच वर्षं फोटो मी काढले, मजकूर मी लिहिला, रात्री बारा वाजता गिऱ्हाइकांना उत्तरं मी दिली. काकांनी दिलेल्या दोन पेट्यांपलीकडे एक पैसा घेतला नाही. आता 'दे' म्हणजे काय? दोघांचा आवाज चढला आणि काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, मखरासमोरून उठून आत गेल्या. विषय तिथेच राहिला.

अडचण नेमकी काय होती

दसऱ्याच्या दिवशी, 12 ऑक्टोबरला, बागेचा राखणदार नेपाळहून परतला. आमच्याकडे बागांची राखण करायला नेपाळची माणसं येतात, पावसाळ्यात गावी जातात आणि पुन्हा हंगामाला हजर होतात. हा तेरा वर्षं या घरी आहे. अण्णांच्या फोटोपुढे बसून झाल्यावर त्याने विचारलं, साहेबांच्या फोनवर मी किती कॉल केले, लागला का नाही? तेव्हा कळलं की फोनचं लॉक कसं उघडायचं हे घरात एकालाही माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत होतं. तो बागेतून घरी नेपाळला त्याच फोनवरून बोलायचा. अण्णांनीच त्याला ठिपके जोडायला शिकवलं होतं. थोरल्याने मधल्या काळात तालुक्याच्या दुकानात फोन दाखवला होता. दुकानदाराने सांगितलं होतं की सगळं पुसूनच उघडता येईल, आणि पुसल्यावरही गूगलचा पासवर्ड मागेल. नशीब, थोरला तेव्हा परत फिरला.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले आणि दिवस मोजले. प्रीपेड नंबर वापराविना राहिला तर 90 दिवसांच्या आत कंपनीने तो बंद करू नये, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम. बंद केलेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्या ग्राहकाला देत नाहीत, असं ट्रायने नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं होतं. म्हणजे त्यानंतर तो कुणाही अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतो. व्हॉट्सॲपचं खातं 120 दिवस वापरलं नाही की पुसलं जातं. फोन बंद पडून त्या दिवशी 82 दिवस झाले होते. 20 ऑक्टोबरला 90 भरणार होते, 19 नोव्हेंबरला 120.

दिवसांपेक्षा मला भीती वाटली ती साखळीची. अण्णांचं जीमेल त्या मोबाइलवाल्या पोराने उघडलं होतं, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. तो परत मिळवायचा तर सांकेतिक आकडा (ओटीपी) याच नंबरावर येणार. व्हॉट्सॲपचा साठा (बॅकअप) पुन्हा उतरवायचा तर तोच नंबर आणि तेच जीमेल हवं. यूपीआय याच नंबराला जोडलेलं. फेसबुकचं खातं याच नंबरावर. एक खुंटी उपटली की सगळं जाळं खाली येणार होतं. आणि ती खुंटीसुद्धा अण्णांच्या मालकीची नव्हतीच. मोबाइल नंबर हे सरकारचं साधन आहे. कंपनीमार्फत आपल्याला वापरायला मिळतं, आपण पैसे भरतो तोवर.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मामांचा: नवा नंबर, नवं पान, सगळ्यांना कळवायचं. सोपा आणि स्वच्छ. पण कळवायचं कुणाला? पत्ते वहीत होते, पण चाळीस-एक जुन्या माणसांचेच नंबर तिथे होते. बाकी सगळे फोनमध्ये. शिवाय पंधरा वर्षं पेट्यांवर लिहिलेला नंबर उद्या भलत्याच माणसाकडे गेला, तर 'आंबेवाले अण्णा' म्हणून फोन करणारे त्याच्याच गळाला लागणार.

दुसरा: आहे तसंच चालू ठेवायचं. रिचार्ज मारत राहायचा, सिम अण्णांच्या नावावर. गावोगाव हेच होतं, मला अशी पाच-सहा घरं माहीत आहेत. चालतं तोवर चालतं. सिम हरवलं किंवा जळलं तर दुसरं मिळवायला मालक हजर लागतो, आणि इथे मालक आणायचा कुठून?

तिसरा: नंबर रीतसर वारसाच्या नावावर करायचा, आणि तोवर आतलं सगळं सुरक्षित जागी हलवायचं. वेळखाऊ, कागदपत्रांचं काम. मी याच बाजूने बोलले. थोरला आणि सून लगेच तयार झाले. काकूंनी मात्र एक अट घातली: ऑर्डरी बघा, पण अण्णांची खासगी बोलणी कुणी उघडायची नाहीत. सुनेने ती पाळली. अण्णांच्या भावाशी आणि एका जुन्या मित्राशी असलेली संभाषणं तिने न उघडता बाजूला नेऊन ठेवली. मेलेल्या माणसाच्या फोनला हात लावण्याआधी ही मर्यादा ठरवणं मला फार मोलाचं वाटतं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

त्याच रात्री थोरल्याने स्वतःच्या फोनवरून रिचार्ज मारला. रिचार्ज कुणीही कुणाच्याही नंबरावर मारू शकतो, नाव लागत नाही. फोन चार्ज केला, राखणदाराने ठिपके जोडले, आणि 82 दिवसांचे निरोप धडाधड यायला लागले. घरात सगळे गप्प बसून तो आवाज ऐकत होते. त्यात पुण्याच्या एका बाईंनी ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामाचे 2,000 रुपये आगाऊ टाकल्याचाही निरोप होता. पैसे अण्णांच्या खात्यात पडले होते. ते खातं बँकेत कळवून थांबवलेलं, पैसे वारसांचा दावा मंजूर होईपर्यंत निघणार नव्हते. आंबे मात्र वेळेवर द्यायचे, हे काकूंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जीमेलचा पासवर्ड त्याच नंबरावर आकडा मागवून बदलला. मग नावांकडे वळलो तर लक्षात आलं, निम्म्याहून जास्त नावं सिममध्येच साठवलेली आहेत. नंबर नावावर करताना नवं सिम मिळतं आणि जुनं मरतं. सुनेने हट्ट धरला की मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जायच्या आधी सगळी नावं बाहेर काढायची. 611 नावं निघाली. तिने त्याची एक फाइल जीमेलवर ठेवली, एक पेन ड्राइव्हवर, आणि आंब्याची गिऱ्हाईकं वेगळी करून वहीत हाताने लिहिली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

मोबाइल कंपनीच्या रत्नागिरीच्या गॅलरीत दोन खेपा झाल्या. पहिल्यांदा थोरला एकटा गेला आणि परत आला, कारण नंबर काकूंच्या नावावर करायचा तर काकू समोर हव्यात. थोरल्याच्या नावावर का नको, यावर घरात थोडं बोलणं झालं होतं. काकूंचं म्हणणं, पुढे मुलांमध्ये वाटण्या होतील तेव्हा नंबर कुणाचा हा वाद नको. मी असेपर्यंत माझ्या नावावर, पुढचं मी लिहून ठेवीन. दुसऱ्या खेपेला मृत्यू दाखला, आधार, मुलांची ना-हरकत आणि काकू, असं सगळं घेऊन गेलो. काम झालं. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, फसवणूक टाळण्यासाठी तशी व्यवस्था आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपला त्या दिवशी हात लावला नाही.

जुन्या फोनमधली संभाषणं नव्यात न्यायची तर गूगलची 15 जीबी जागा गच्च भरलेली. व्हॉट्सॲपमध्ये एका फोनवरून दुसऱ्या फोनवर क्यूआर दाखवून थेट हलवायची सोय आहे. पडवीत दोन्ही फोन शेजारी ठेवून दीड तासात ते झालं.

याच सुमारास सरकारच्या संचार साथी पोर्टलवर अण्णांच्या नावावर किती नंबर आहेत ते पाहिलं. दोन निघाले. दुसरा कुठला, कुणालाच आठवेना. मग राखणदाराने सांगितलं, पोफळीतल्या पंपाच्या मोबाइल स्टार्टरमधलं सिम. तेही काकूंच्या नावावर केलं.

फेसबुकच्या बाबतीत थोडक्यात वाचलो. मुंबईच्या एका भाच्याने घरच्या ग्रुपवर मृत्यू दाखल्याचा फोटो मागितला. अण्णांच्या खात्याला फेसबुकवर स्मृती-खातं, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी जपलेलं खातं, करायचं त्याच्या मनात होतं, भावना अगदी चांगली. सुनेने विचारलं, मग पानाचं काय होईल? नियम वाचले तेव्हा कळलं: पानाची व्यवस्था बघणारा एकच माणूस असेल आणि त्याचं खातं स्मृती-खातं झालं, तर ते पानही काढून टाकलं जातं. आठ वर्षांच्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय एका अर्जासरशी गेले असते. भाच्याला थांबवलं आणि अण्णांच्या फोनवर उघड्या असलेल्या खात्यातून थोरल्याला आणि सुनेला पानाचा पूर्ण ताबा दिला. दुसऱ्याच्या खात्यात असं शिरणं फेसबुकच्या नियमांत बसत नाही. हे मी घरात स्पष्ट सांगितलं होतं. काकूंच्या संमतीने, त्या एका कामापुरतं, केलं. याहून चांगला रस्ता होता, पण तो अण्णा जिवंत असतानाचा.

पुतण्याशी बोलणी

जानेवारीत मी आणि काकू डोंबिवलीला गेलो. थोरला आला नाही, आणि ते बरंच झालं. काकू पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "तुझी मेहनत तुझीच आहे, ती मागायला मी आले नाही."

कायद्याच्या बाजूने मी एवढंच मांडलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, फोटो मोबदला घेऊन किंवा नोकरीत काढलेला नसेल आणि वेगळा करार नसेल, तर फोटो काढणाराच त्याचा मालक. म्हणजे फोटो पुतण्याचे. बागेचं नाव आणि माल मात्र बागेचा. आणि फॉलोअर दोघांपैकी कुणाच्याच मालकीचे नाहीत. खातं कंपनीच्या नियमांवर चालतं, ते जमिनीसारखं विकता-वाटता येत नाही. तेव्हा भांडायचं कशासाठी?

ठरलं ते एका कागदावर लिहिलं. इन्स्टाग्रामला बागेचा नंबर आणि बागेचं ईमेल लागेल, चालवायचं काम पुतण्याकडेच राहील. तिथून येणाऱ्या प्रत्येक पेटीमागे त्याला ठरावीक रक्कम, दोन हंगाम, मग पुन्हा बसायचं. फोटो त्याचे, बागेला वापरायची परवानगी. गूगलच्या नोंदीवर काकूंच्या नव्या ईमेलला मालक म्हणून जोडलं. तिथे नव्या माणसाला पूर्ण अधिकार मिळायला सात दिवस जावे लागतात, ते गेले.

जिथे चुकलं

2 फेब्रुवारीला सुनेने गिऱ्हाइकांना निरोप धाडला. अण्णा गेले, बाग आम्ही चालवतोय, नोंदणी सुरू, आणि खाली नव्या बँक खात्याचा क्यूआर. मजकूर मी तपासला होता. नीटनेटका वाटला.

उत्तरं अगदी थोडी आली आणि त्यातली निम्मी संशयाची. एकाने लिहिलं, अण्णांचा नंबर हॅक झालाय का? एका बाईंनी कळवलं की बंद पडलेल्या नंबरावर अण्णांचाच फोटो बघून अंगावर काटा आला, निरोप वाचवला नाही. कोथरूडच्या जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय: "माणूस गेला, आणि पैसे नव्या खात्यावर टाका, हे दोन्ही एका निरोपात आलं की आम्ही फसवणूकच समजणार. आणि अण्णा कधी टाइप करायचे?"

तो अक्षरशः बरोबर होता. सहा महिने गप्प असलेला नंबर, वेगळी भाषा, आणि पैशाची नवी वाट; हे सगळं भामट्यांच्या निरोपासारखंच दिसतं. गिऱ्हाइकांनी सावध राहणं आपण त्यांना शिकवतो आणि मग त्यांनी सावधपणा दाखवला की वाईट वाटून घेतो, हे बरं नाही.

मग क्यूआर काढून टाकला. फोटोच्या जागी विहिरीजवळच्या कलमाचा फोटो लावला. आणि काकूंना म्हटलं, तुम्ही बोला. त्यांना पटेना, माझं शिक्षण किती, मी काय बोलू. शेवटी खळ्यात बसून, मागे कोंबडी ओरडत असताना, त्यांनी चाळीस सेकंदांचा निरोप बोलला: मी अण्णांची घरवाली, ते आषाढात गेले, आंबा त्यांनीच लावलेल्या कलमांचा आहे, पैसे आंबा पोचल्यावर द्या. शेवटचं वाक्य त्यांनी कुणाला न विचारता घातलं. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी एका वेळी 256 जणांपर्यंत जाते आणि ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यांनाच पोचते. नंबर तोच राहिल्याचा फायदा इथे दिसला. साठवलेला होता म्हणून तो पोचला. दोन दिवस फोन वाजत होता. बायका काकूंशी रडत बोलत होत्या.

मार्चमध्ये दुसरं संकट आलं. इन्स्टाग्रामवर बागेच्या नावात एक अक्षर बदलून कुणीतरी खोटं खातं काढलं, पुतण्याचे फोटो उचलून स्वस्तात रत्नागिरी हापूस, आगाऊ पैसे भरा, असं सुरू केलं. ठाण्याच्या एकाचे 1,800 रुपये गेले. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण फोटोतल्या आंब्याला ते विचारायला कोण जातो? ठाण्याच्या गृहस्थांना सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरावर तक्रार करायला सांगितलं. खातं बंद करायला फोटोंच्या हक्काची तक्रार हा लवकरचा मार्ग होता, आणि ती हक्कदाराने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने करावी लागते. हक्कदार पुतण्या. त्याने मूळ फोटो काढून त्याच रात्री तक्रार केली, चौथ्या दिवशी खातं गेलं. गणपतीतला वाद मिटला नसता तर त्या रात्री आम्ही त्याला कोणत्या तोंडाने फोन केला असता?

निकाल

वहीप्रमाणे 2024 च्या हंगामात थेट विकत घेणारी 168 घरं होती. 2025 मध्ये 121 राहिली, नवीन 19 आली. या घटीचं सगळं खापर नंबराच्या गोंधळावर फोडता येणार नाही. मे महिन्यात पाऊस लवकर आला, 26 मेला मान्सून मुंबईत होता, आणि शेवटची तोड निम्मी वाया गेली. काकूंच्या 'पोचल्यावर द्या' मुळे भीती होती तेवढे पैसे बुडाले नाहीत. तीन घरांकडून यायचे राहिले. पुण्याच्या बाईंना आगाऊ पैशांच्या पेट्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मिळाल्या.

काय राहिलं तेही सांगते. अण्णांचं फेसबुक खातं अजून तसंच आहे. वाढदिवसाला लोक शुभेच्छा लिहितात, काहींना ते गेल्याचं माहीत नाही. काकूंनी वर्षश्राद्धानंतर ठरवू म्हटलं होतं, अजून ठरवलेलं नाही, आणि मी विचारत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

20 जुलैनंतरच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी रिचार्ज मारून फोन चार्जिंगला लावला असता, तर दसऱ्याची धावपळ टळली असती. आता असं घर माझ्याकडे आलं की मी दाखल्याआधी हे विचारते. नावावर करणं सावकाश होऊ शकतं, जिवंत ठेवणं नाही.

राखणदाराला नेपाळला फोन करायचं कुणाला सुचलं नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. अण्णांसोबत रोज सर्वांत जास्त वेळ असणारा माणूस तोच. आपण वारस म्हणजे रक्ताचे एवढंच धरतो आणि माहिती कुणाकडे आहे ते बघत नाही.

अण्णा असताना दहा मिनिटांत होण्यासारख्या गोष्टी होत्या. गूगलमध्ये खातं अमुक महिने वापरलं नाही तर कुणाला कळवायचं ते नेमता येतं. फेसबुकवर आपल्यामागे खातं बघणारा माणूस ठरवता येतो. पानाला दुसरा व्यवस्थापक जोडणं तर दोन मिनिटांचं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आपल्यामागे आपले हक्क बजावणारा माणूस नेमण्याची तरतूद आहे. पण हे विषय काढायचे कुणी? बापाला 'तुम्ही गेल्यावर' असं म्हणायला जीभ वळत नाही. या घरात काकूंनी तो मार्ग स्वतःपासून सुरू केला. त्यांच्या फोनचे ठिपके, ईमेलचा पासवर्ड आणि रिचार्जची तारीख एका लिफाफ्यात सातबाऱ्याच्या फायलीत आहे.

एक गोष्ट मात्र कशानेच परत येणारी नव्हती. मार्च 2024 मध्ये, हंगामाच्या तोंडावर अण्णांचा फोन सारखा 'जागा नाही' दाखवायचा, म्हणून थोरल्याने जुने आवाजाचे निरोप सगळे पुसले होते. त्या वेळी ते कामाचंच होतं. अण्णा गेल्यावर काकूंनी एकदाच विचारलं, त्यांचा आवाज कुठे आहे का. तो काही बोलला नाही.

एप्रिलमध्ये काकू हे कोथरूडच्या गिऱ्हाइकाशी सहज बोलून गेल्या. त्यांनी त्याच रात्री एकतीस निरोप पाठवले, 2021 पासूनचे. मग विलेपार्ल्याच्या डॉक्टर बाईंनी, ठाण्याच्यांनी, एकेकाने आपल्या फोनमधले शोधून धाडले. सुनेने ते वर्षावार लावून ठेवलेत. एकात अण्णा म्हणतात, विहिरीजवळच्या कलमाला यंदा पहिल्यांदा मोहोर आलाय, त्याचं फळ विकणार नाही, घरी ठेवणार. विहिरीजवळ तीन कलमं आहेत. त्यातलं कुठलं, ते राखणदाराने दाखवलं.